मॅटाडोरवरचा अँटेना

"आता?" मी टपावरून विचारलं.

खालून थोडा वेळ काहीच आलं नाही. मग काकूंचा आवाज आला, "नाही गं. पडद्यावर मुंग्याच आहेत."

मी अँटेनाचा पाइप बोटभर फिरवला. "आता?"

पुन्हा तेवढाच वेळ गेला. "जरा बरं वाटतंय... नाही, गेलं बघ."

फलटणला बाणगंगेच्या काठी जे मैदान आहे, त्यावर ती मॅटाडोर व्हॅन उभी होती. १९८५ सालचा फेब्रुवारी. संध्याकाळचे सव्वासहा झाले होते, टपाचा पत्रा दिवसभर तापून आता कुठे कोमट झाला होता आणि त्यावर मी अनवाणी उभी होते. साडीचा पदर कमरेला खोचलेला, तोंडात दोन स्क्रू. मैदानात व्हॉलीबॉल खेळणारी पोरं खेळ सोडून माझ्याकडे बघत होती. त्याची मला सवय होती. वडील गेल्यापासून दोन वर्षं त्यांचं रेडिओचं दुकान मी चालवत होते आणि लोकांच्या कौलांवर, गच्च्यांवर चढत होते. तरी अजून कुणी ना कुणी म्हणायचंच, "भाऊ आला की पाठव त्याला." मला भाऊ नव्हता.

मॅटाडोरचे मालक हत्तुरेकाका, त्यांनीही पहिल्या दिवशी विचारलं होतं, "वडील कुठायत?"

"वारले. दुकान मीच बघते."

त्यांनी हात पुढे केला. "तुझा स्क्रू ड्रायव्हर दे बघू."

मी दिला. त्यांनी त्याच्या टोकावरून अंगठा फिरवला, दोनदा, सावकाश. "झिजलाय," ते म्हणाले. "म्हणजे वापरतेस. चढ वर."

मल्लिनाथ हत्तुरे सोलापूरचे. एसटीच्या वर्कशॉपमध्ये बत्तीस वर्षं होते, शेवटची नऊ फोरमन म्हणून. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुनी मॅटाडोर घेतली आणि आठ महिने खपून तिचं घर केलं. आत बाकासारखा पलंग, त्याखाली धान्याचे डबे, भिंतीला दुमडून ठेवायचं टेबल, स्टोव्हसाठी कोनाडा. कपाटाच्या दारांना अशा खिट्ट्या, की गाडी कितीही हलली तरी दार उघडणार नाही. आणि मागच्या बाजूला लाकडी फळीवर, चामडी पट्ट्यानं बांधलेला, बॅटरीवर चालणारा चौदा इंची टीव्ही. कृष्णधवल.

"हिला बत्तीस वर्षं कुठं नेलं नाही," ते म्हणाले होते. "सुट्टी मिळाली की वर्कशॉपमध्ये काही तरी निघायचंच. मग ठरवलं, घरच चाकावर घालायचं. हिनं एवढंच म्हटलं, शनिवारचा मराठी पिक्चर चुकायला नको. म्हटलं, चुकणार नाही."

काकूंनी चहाचा कप काकांच्या हातात दिला होता, नुसता पुढे केला नव्हता, तर त्यांची बोटं कपाच्या कानाभोवती नीट बसेपर्यंत धरून ठेवला होता. मला ती जुन्या पद्धतीची बायको वाटली.

सोलापूर, अक्कलकोट, तुळजापूर, सांगोला, म्हसवड असं करत ते फलटणला आले होते. इथून वाई, मग पसरणीचा घाट चढून महाबळेश्वर, मग आंबेनळीचा घाट उतरून खाली कोकणात. काकूंनी समुद्र पाहिला नव्हता.

"टीव्ही झाला की निघायचं," काका म्हणाले होते.

मला वाटलं, एका संध्याकाळचं काम. त्या काळी फलटणच्या प्रत्येक घरावरचा अँटेना एकाच दिशेला तोंड करून असायचा, सिंहगडाकडे. तिथल्या मनोऱ्यावरून मुंबईचे कार्यक्रम यायचे. अंतर बरंच, म्हणून पाइप उंच लागायचा आणि बूस्टर लागायचा. काकांनी अँटेना टपावरच्या कॅरिअरला तारेनं घट्ट बांधला होता, पत्र्यापासून जेमतेम हातभर वर, आणि चपटी वायर पत्र्याला चिकटवून आत आणली होती. पत्रा सिग्नल खाऊन टाकतो. मी अँटेना दहा फुटी पाइपवर चढवला, पाइप आणि कॅरिअरमध्ये लाकडाचे ठोकळे घातले, वायर पत्र्यापासून वेगळी राहील अशी खिडकीतून घेतली. बॅटरी उतरलेली होती, त्यामुळे चित्र दोन्ही बाजूंनी आक्रसत होतं. ती भरून आणली. प्रक्षेपण संध्याकाळीच सुरू व्हायचं, त्यामुळे तपासायलाही तेवढाच वेळ मिळायचा.

"कसं दिसतंय?" मी विचारलं.

काका टीव्हीपासून दोन हातांवर बसले होते. "भुतं आहेत. एका माणसाची दोन-दोन माणसं दिसतायत."

मी वाकून बघितलं. मला भुतं दिसली नाहीत. थोडी खरखर होती, एवढंच. "मला तर ठीक वाटतंय, काका."

"आहेत की," काकू म्हणाल्या. "मलाही दोन दिसतायत."

दुसऱ्या दिवशी मी त्यांचा सेट उचलून दुकानात नेला. माझ्या दुकानाचा अँटेना वडिलांनी स्वतः लावलेला होता, गावात त्याच्या तोडीचा दुसरा नव्हता. सेट त्यावर लावला आणि चित्र असं आलं, की समोरचे चप्पलवाले चाचा दुकान सोडून बघायला आले. मी काका-काकूंना बोलावून घेतलं. ते दोघं एकमेकांचा हात धरून रस्ता ओलांडून आले. काकांनी बराच वेळ पडद्याकडे बघितलं.

"फरक नाही," ते म्हणाले.

"नाही बाई फरक," काकू म्हणाल्या, आणि माझ्याकडे न बघता पदर सारखा केला.

चाचांनी माझ्याकडे बघितलं. मला राग आला होता. फोरमन माणूस, त्याला बाईनं केलेलं काम पसंत पडायचं नाही, हे उघड होतं. त्या रात्री आईशीही मी नीट बोलले नाही. माझे चुलते दुकान विकायच्या मागे लागलेच होते. मैदानावरच्या मॅटाडोरचा टीव्ही सरोज कुंभारला जमला नाही, हे बाजारभर व्हायला वेळ लागणार नव्हता.

म्हणून तिसऱ्या दिवशी मी माझा स्वतःचा, रोज घरी चालणारा सेट मॅटाडोरमध्ये नेऊन बसवला, बूस्टर नवा लावला आणि टपावर चढले. आता दोष राहायला जागाच नव्हती. तरी काकू मुंग्या म्हणत होत्या.

मी पाइप परत सिंहगडाच्या दिशेला आणला. "आता?"

शांतता. नीट ऐकलं तेव्हा त्या शांततेत कुजबुज होती. काकू आधी काही तरी हळू विचारायच्या, काका हळू उत्तर द्यायचे, मग काकू मोठ्यानं मला सांगायच्या. आधीच्या दोन दिवसांतही असंच होत होतं, पण मी टीव्हीचा विचार करत होते, माणसांचा नाही.

मग माझ्या मनात आलं ते करून बघितलं. मी अँटेना पूर्ण उलटा फिरवला, सिंहगडाकडे पाठ करून. आत आता नुसती खरखर असणार होती.

"आता?"

"आता थोडं बरंय गं," काकू म्हणाल्या.

मी अँटेना पुन्हा जागेवर आणला, नट आवळला, आणि कुणाला काही न सांगता मागच्या शिडीनं खाली उतरले. खिडकीचा पडदा अर्धा सरकलेला होता. आत शेतीचा कार्यक्रम चालू होता. कुणी तरी कृषी अधिकारी डाळिंबावरच्या रोगाबद्दल सांगत होते. चित्र इतकं स्वच्छ होतं, की त्यांच्या खिशाला अडकवलेल्या पेनाच्या टोपणाची क्लिप दिसत होती.

काका पडद्याकडे तोंड करून बसले होते, मान थोडी तिरकी, पापण्या आवळलेल्या. आणि काकू पडद्याकडे बघतच नव्हत्या. त्या काकांच्या चेहऱ्याकडे बघत होत्या.

मी तिथून सरकले. "उद्या येते," एवढंच ओरडून सांगितलं आणि सायकल घेऊन घरी आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू मैदानाच्या कडेच्या नळावर पाणी भरताना भेटल्या. मी मुद्दाम त्या वेळी गेले होते. मला बघितलं आणि त्यांनी कळशी नळाखालून काढली, अर्धीच भरलेली.

"तुला कळलं ना," त्या म्हणाल्या.

"काकांना दिसत नाही."

"धूसर दिसतं. उन्हात तर जास्तच. समोरून मोटार आली की सगळं पांढरं होतं म्हणे. म्हणे म्हणजे ते कधी बोलले नाहीत. मीच ओळखलं." त्यांनी कळशी पुन्हा नळाखाली धरली. "सांगोल्याच्या अलीकडे एक मोरी होती. पुढचं चाक कठड्याला घासून गेलं. ते म्हणाले, स्टिअरिंग ओढतंय. मी म्हटलं, हो, ओढतंय."

"आणि तिथून इथपर्यंत?"

"मी शेजारी बसून बोलत आले. आता डावीकडं बैलगाडी आलीय बघा, काय सुंदर बैल आहेत. पुढं वळणावर चिंचेचं झाड आहे. तो बघा, मेंढरांचा कळप, रस्ता भरून चाललाय. त्यांना वाटतं, मी कधी बाहेर पडले नाही म्हणून मला सगळ्याचं कौतुक वाटतंय."

पाणी कळशीवरून वाहायला लागलं. त्यांचं लक्ष नव्हतं. मी नळ बंद केला.

"इथवर रस्ता सपाट होता," त्या म्हणाल्या. "पुढं घाट आहे. मला लोकांनी सांगितलंय, एका अंगाला दरी असते. टीव्ही झाला की निघायचं म्हणतात. मग मी काय करणार? तू चांगलं काम करतेस, तीच माझी पंचाईत झालीय."

"त्यांना सांगा ना, काकू."

"काय सांगू? बत्तीस वर्षं हा माणूस हीच गाडी मनात बांधत होता. खिट्टी कशी बसवायची ते जेवताना ताटात बोटानं काढून दाखवायचा." त्यांनी डोळे पुसले नाहीत, पण कळशी उचलायलाही त्यांना वेळ लागला. "तू एक कर. एक पार्ट पुण्याहून मागवावा लागेल म्हण. आठ दिवस लागतील म्हण. तेवढ्यात मी काही तरी करीन."

मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते.

संध्याकाळी मी काकांचा सेट परत फळीवर बसवला आणि काकूंनी शिकवल्याप्रमाणे सांगितलं, की पार्ट पुण्याहून यायला हवा.

"कुठला पार्ट?" काकांनी विचारलं.

मी तोंडाला आलं ते नाव सांगितलं.

"तो गेला असता तर आवाजही गेला असता," ते म्हणाले. रागानं नाही. "बत्तीस वर्षं मी पोरांच्या सबबी ऐकल्यात, बाळ. खरं काय ते बोल."

काकू स्टोव्हपाशी होत्या. त्यांची पाठ माझ्याकडे होती आणि ती पाठ एकदम हलायची थांबली. मला वडिलांची आठवण झाली. ते गिऱ्हाइकाला दोष लपवून कधी सेट परत द्यायचे नाहीत. तरी तेव्हा मी काही तत्त्वाचा वगैरे विचार केला नाही. माझ्या डोळ्यांपुढे फक्त ती दरी आली, आणि शेजारी बसून झाडांचं कौतुक करणाऱ्या काकू.

"काका, टीव्हीत काही दोष नाही," मी म्हणाले. "कालपासून चित्र स्वच्छ आहे."

स्टोव्हचा आवाज तेवढा चालू होता.

"किती स्वच्छ?"

"काल शेतीच्या कार्यक्रमात एक साहेब होते. त्यांच्या खिशातल्या पेनाची क्लिप दिसत होती."

"हिला दिसत होती?"

काकूंनी स्टोव्ह बंद केला. मैदानावरच्या चेंडूचे आवाज आत येऊ लागले. काकांचे खांदे हळूहळू खाली आले. मला वाटलं, हा माणूस आता कोसळणार. ते कोसळले नाहीत. त्यांनी हात पुढे करून काकूंना शोधलं आणि काकू येऊन त्यांच्याजवळ बसल्या.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"सांगोल्यापासून."

"आणि तरी शेजारी बसलीस?"

"दुसरीकडं कुठं बसणार होते?" काकू म्हणाल्या.

मी माझी अवजारं गोळा करून बाहेर पडले.

पुढचं सगळं तसं साधं आहे. मीच त्यांना गावातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला, उजव्यात पुरता पिकलेला. आधी त्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. आता होतं तसं तासाभरात घरी सोडायचे दिवस नव्हते ते. आठ दिवस दवाखान्यात निजून राहावं लागलं, मग डोळ्यावर हिरवा कपडा, मग जाड भिंगाचा चष्मा. त्या चष्म्यातून समोरचं मोठं आणि जवळ दिसायचं, कडेचं काहीच नाही. डॉक्टरांनी सांगितलं, "घरात फिरा, पेपर वाचा. गाडी मात्र विसरा."

मी म्हटलं, एखादा ड्रायव्हर बघू. काका म्हणाले, "माझ्या घरात परका माणूस झोपणार कुठं?" ते खरंच होतं. एकच पलंग होता. मुलगी पुण्याला होती, ती येऊन म्हणाली, गाडी विका आणि माझ्याकडे चला. काकांनी मान डोलावली. गाडी बघायला गिऱ्हाइकं यायलाही लागली. एकानं कपाटाची दारं उघडून बघितली आणि म्हणाला, हे सगळं काढून टाकावं लागेल, मला माल भरायचाय. काका बाहेर खुर्चीवर बसून ऐकत होते.

तो गेल्यावर काकू बाहेर आल्या. "मी शिकते," त्या म्हणाल्या.

"काय?"

"गाडी. रस्ता मला येतोच. सांगोल्यावरून इथपर्यंत मीच आणलीय. हातापायांना तेवढं शिकवायचंय."

त्या वेळी त्या चौपन्न वर्षांच्या होत्या. सायकलही कधी चालवलेली नव्हती. मुलगी हसली आणि मग आई हसत नाही हे बघून थांबली.

मार्चभर रोज सकाळी त्या मैदानावर मॅटाडोर गचके खात फिरायची. काकू नऊवारीचा काष्टा घट्ट करून स्टिअरिंगवर, काका डाव्या सीटवर, डोळ्यावर हिरवा कपडा. त्यांना दिसत नव्हतं, पण ऐकू सगळं येत होतं. "क्लच अर्धाच दाबलास. गिअर ओरडला, ऐकलं मी." "आता इंजिन गुदमरतंय, खालच्या गिअरवर ये." बत्तीस वर्षं वर्कशॉपमध्ये काढलेल्या माणसाचे कान होते ते. मी दुकान उघडायला जाताना पाच मिनिटं थांबून बघायची. एकदा त्यांनी गाडी नदीच्या बाजूच्या चरात घातली आणि व्हॉलीबॉलच्या पोरांनी मिळून बाहेर काढली. काकू खाली उतरल्या, चर नीट बघून आल्या आणि पुन्हा वर चढल्या.

लायसन्सच्या परीक्षेत पहिल्यांदा नापास झाल्या. दुसऱ्यांदा पास झाल्या. मेच्या सुरुवातीला एका पहाटे ते निघाले. मी वाठारपर्यंत त्यांच्याबरोबर गेले आणि तिथून एसटीनं परत आले. चढावर एकदा गाडी बंद पडली. मागे मालमोटार हॉर्न देत होती. काकांनी तोंड उघडलं आणि परत मिटलं. काकूंनी घाई न करता हँडब्रेक ओढला, गाडी सुरू केली आणि पुढे काढली.

जूनमध्ये गुहागरहून कार्ड आलं. काकांच्या मुलीनं लिहिलेलं, ती चार दिवस त्यांना भेटायला गेली होती. समुद्र बघितला, आई रोज जाते, एवढंच त्यात होतं.

दुकान विकायचं नाही, हे मी त्याच उन्हाळ्यात घरी सांगून टाकलं. कुणाशी भांडले नाही. नुसतं सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी उघडलं.

नंतर बरीच वर्षं दिवाळीला कार्ड यायचं, मग थांबलं. आणि त्र्याण्णवच्या जानेवारीत दुकानासमोर तीच मॅटाडोर येऊन थांबली, रंग नवा. काकू उतरल्या. एकट्याच.

"गेल्या वर्षी गेले," त्या म्हणाल्या. "झोपेतच. गोकर्णाच्या वाटेवर होतो."

मी त्यांना आत बसवलं. तोवर दुकानात रंगीत टीव्ही आले होते, गावात केबल आली होती, छपरांवरचे अँटेना लोक भंगारात देत होते. आम्ही चहा घेतला. त्यांचे केस पूर्ण पांढरे झाले होते आणि उजव्या हाताच्या तळव्याला स्टिअरिंगचे घट्टे पडले होते.

"तुला एक सांगायचं होतं," त्या म्हणाल्या. "जायच्या महिनाभर आधी ते बोलता बोलता बोलून गेले. सांगोल्यालाच त्यांना कळलं होतं. स्टिअरिंग ओढत नाही, आपल्याला दिसत नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं. इथं आल्यावर त्यांना घाटाची भीती वाटली. म्हणाले, मला रस्ताच दिसत नव्हता, टीव्ही काय दिसणार? पण तुला समुद्र बघायची हौस होती, मी कुठल्या तोंडानं थांबू म्हणणार होतो? टीव्ही नीट नाही म्हटलं, की तेवढे दिवस निघायला नको."

मला आधी नीट कळलंच नाही. मग कळलं. पार्टबद्दल मी खोटं बोलले, तेव्हा त्यांनी ते चालवून घेतलं असतं तर आठ दिवस आयते मिळाले असते. पण त्यांनीच मला खरं बोलायला लावलं होतं. खांदे खाली आले होते ते कोसळून नव्हते, ओझं उतरल्यामुळे होते.

"म्हणजे तुम्हीही थांबायला बघत होतात आणि काकाही," मी म्हणाले. "आणि मी चार दिवस टपावर."

"हो."

"टीव्ही कुणालाच नको होता."

काकूंनी कप खाली ठेवला. "तू वर होतीस म्हणून आम्ही खाली बसून राहिलो गं," त्या म्हणाल्या.

दुपारचं जेवण करून जा म्हटलं, पण त्यांना ऊन चढायच्या आत वाई गाठायची होती. मी रस्त्यापर्यंत गेले. त्यांनी आरसा सारखा केला, उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं आणि गाडी काढली.